कोपऱ्यात पक कुणाचा? बचावाचा पवित्रा आणि बोर्डालगतची झुंज मुलांना शिकवताना

गेल्या हिवाळ्यातली शनिवारची सकाळ. साडेसहाची वेळ, रिंकवरची मुलं अजून अर्धी झोपेत. अंडर-१३ चा आइस हॉकीचा सामना. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कोपऱ्यात गेला आणि दोघं त्याच्यामागे सुटले. समोरच्या संघातला मुलगा आमच्या मुलीपेक्षा चांगला वीतभर उंच. पकपाशी तोच आधी पोचला. पण ती आली गोलाच्या बाजूने. गुडघे वाकलेले, स्टिकचं ब्लेड बर्फाला टेकलेलं, आणि येता येता तिने आपला वेग त्याच्याइतका करून घेतला होता. तो वळला तेव्हा आत यायची वाट बंद झालेली. बोर्डाच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याच्या, कडेने पक पुढे रेटण्यावाचून त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तिथे तिचं ब्लेड आधीच पडलेलं होतं. ती पक घेऊन निघाली.

सामना संपल्यावर एक पालक म्हणाले, "नशीब चांगलं पोरीचं." मला ते मुळीच पटलं नाही. ती झुंज तिने दोन पावलं आधीच जिंकली होती.

कॅनडातल्या ऑन्टारियोत आपली बरीच मराठी मुलं आता हॉकी खेळतात आणि त्यांचे आईबाबा हळूहळू सहाय्यक प्रशिक्षक म्हणून बर्फावर उतरायला लागलेत. आपण वाढलो क्रिकेट आणि कबड्डीवर, त्यामुळे पहिल्या वर्षी आपल्याला दिसतो तो फक्त पक. मीही पहिल्या हंगामात बाकावरून "जोर लाव, जोर लाव" असं ओरडायचो. मुलं जोर लावायची, बोर्डावर आदळायची, पेनल्टी घेऊन बसायची, आणि पक तिसऱ्याच कुणाच्या तरी स्टिकवर जायचा. झुंज शिकवायची म्हणजे टक्कर शिकवायची नाही, टकरीपर्यंत पोचायचं कसं ते शिकवायचं, हे मला उशिरा उमगलं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी नियम नीट समजून घ्या

हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये पीवी गटातून, म्हणजे आजच्या अंडर-१३ मधून, बॉडी चेकिंग (पकवाल्याला अंगाने धक्का देऊन पकपासून तोडणं) काढून टाकलं. अमेरिकेत यूएसए हॉकीने हाच निर्णय २०११ मध्ये घेतला होता. इथे मुलींच्या हॉकीतही बॉडी चेकिंग चालत नाही. पण "चेकिंग नाही" याचा अर्थ "अंगाला अंग लागायचं नाही" असा नव्हे. एकाच दिशेने स्केट करताना, पकसाठी जागा घेताना खांद्याला खांदा भिडला तर तो खेळाचाच भाग आहे. समोरच्याला पाडायच्या किंवा आपटायच्या हेतूने, उलट दिशेने किंवा पावलं वाढवून अंगावर जाणं हा गुन्हा आहे. हा फरक मुलांना शब्दांत सांगू नका, बर्फावर हळूहळू चालत करून दाखवा.

हॉकी कॅनडाची शिकवण्याची उतरंड चार पायऱ्यांची आहे: आधी जागा आणि कोन, मग स्टिकने पक काढणं, मग अंगाचा स्पर्श पेलायचा आत्मविश्वास, आणि सगळ्यात शेवटी बॉडी चेकिंग. पहिल्या तीन पायऱ्यांना वयाची अट नाही. अंडर-९ पासून त्या शिकवता येतात आणि शिकवाव्यातच. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा धक्का खाणारं मूल घाबरतं, आणि घाबरलेलं मूल मान खाली घालतं. त्या मानेबद्दल पुढे लिहितोच.

पायरी पहिली: पवित्रा

तालमीत पवित्रा म्हणतात तेच हे. पायांत खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतर, गुडघे स्केटच्या टोकापुढे, कंबर खाली, छाती आणि नजर वर. स्टिक एका हातात, वरच्या हातात, आणि कोपर अंगालगत. ब्लेड बर्फावर टेकलेलं.

स्केटच्या पात्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर असते आणि त्यालाही दोन धारा. कंबर खाली असली की वजन दोन्ही स्केटच्या आतल्या धारांवर येतं आणि त्या बर्फात रुततात. मूल ताठ उभं असलं की स्केट सपाट राहतात, आणि सपाट स्केटवर उभा असलेला मुलगा कितीही दणकट असो, हलक्या धक्क्यानेही सरकतो. तपासायला सोपं आहे. बाजूने जाऊन खांद्याला हाताने हलकेच ढकला. मुलाने एक स्केट उचलला तर पवित्रा उंच आहे. दोन्ही स्केट बर्फावर राहून नुसतं अंग दबलं तर बरोबर.

यासाठी एकच ड्रिल पुरतं. फेसऑफच्या वर्तुळात (खेळ सुरू करायला पक टाकतात तिथे) दोघांना स्टिकशिवाय खांद्याला खांदा लावून मधोमध उभं करा. शिट्टी वाजली की एकमेकांना वर्तुळाबाहेर रेटायचं, ८ सेकंद, हातांनी धरायचं नाही. वर्तुळाची त्रिज्या १५ फूट आहे, त्यामुळे क्वचितच कुणी बाहेर जातं. पण जो खाली वाकतो तो पुढे सरकतो, हे मुलांना स्वतःलाच कळतं. आमच्या संघातला सगळ्यात सडपातळ मुलगा तिसऱ्या फेरीत सगळ्यांना रेटायला लागला, तेव्हा बाकीच्यांचे गुडघे मी काही न सांगताच वाकले.

पायरी दुसरी: घर कुठे आहे

मार्कर घ्या आणि बर्फावर चित्र काढा. गोलाच्या दोन खांबांपासून दोन्ही बाजूंच्या डॉटपर्यंत, म्हणजे फेसऑफच्या वर्तुळांच्या मधल्या ठिपक्यांपर्यंत, तिरप्या रेषा. तिथून वर, वर्तुळांच्या माथ्यापर्यंत सरळ रेषा. मग त्या जोडणारी आडवी रेष. हे आपलं घर. बहुतेक गोल याच आकारातून होतात. बाहेरून कुणी फटका मारला तर आपला गोलकीपर बघून घेईल, घरात पाहुणा येऊ द्यायचा नाही.

एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) मापाच्या रिंकची रुंदी ८५ फूट, आणि दोन डॉटमधलं अंतर ४४ फूट. म्हणजे डॉटपासून बोर्डापर्यंत प्रत्येक बाजूला साडेवीस फुटांची पट्टी. समोरच्याला त्या पट्टीत ठेवणं एवढंच बचावाचं पहिलं काम. त्यातून मुलांना एकच सवय लावा: तुम्ही कुठेही असा, तुमच्या आणि आपल्या गोलाच्या मधे समोरचा खेळाडू असता कामा नये. याला मी "घराच्या बाजूला" असं म्हणतो. पक गेला तरी चालेल, घराची बाजू जाता कामा नये.

निकलस लिडस्ट्रॉम डेट्रॉइट रेड विंग्जकडून १९९१ ते २०१२ खेळला आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने ७ वेळा घेतला. त्याचे जुने सामने मुलांना दाखवा. मोठ्या टकरी शोधायला जाल तर फारशा सापडणार नाहीत. तो सतत घराच्या बाजूला, ब्लेड सतत समोरच्याच्या वाटेत.

पायरी तिसरी: कोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते एका हंगामात दुसरं काही शिकवून झालं नाही तरी चालेल, हे झालंच पाहिजे.

लहान मूल पक बघतं आणि सरळ रेषेत त्याच्याकडे धावतं. सरळ गेलं की समोरच्याला डावी-उजवी दोन्ही वाटा मोकळ्या मिळतात. एक हूल, आणि आपलं मूल बोर्डावर. कबड्डी आठवा. चढाईपटू आत आला की चांगला कोपरारक्षक त्याच्या अंगावर धावून जात नाही. तो त्याची मध्यरेषेकडे परतायची वाट तोडतो, त्याला कोपऱ्यात ढकलत नेतो, आणि जागा संपली की मगच पकडीला हात घालतो. अगदी हेच.

बर्फावर ते असं उतरवा. हल्ला करणारा बोर्डालगत, पक घेऊन. बचाव करणारा मधल्या वर्तुळात. शिट्टी. बचाव करणाऱ्याने आधी दोन-तीन जोरकस पावलं टाकून रिंकच्या मध्याकडून वळण घ्यायचं आणि आतून बाहेर, म्हणजे घराकडून बोर्डाकडे, यायचं. शेवटच्या टप्प्यात दोघंही एकाच दिशेने स्केट करत असले पाहिजेत. आपला बाहेरचा खांदा त्याच्या आतल्या खांद्याच्या रेषेत. अर्धं अंग आत राहिलं की त्याला आत कापता येत नाही. पूर्ण समोर गेलो तर तो मागून आत शिरतो.

दोन गोष्टी हटकून चुकतात. पहिली वेग. मूल भरधाव येतं आणि समोरचा नुसता थांबला की पुढे निघून जातं. "पोचायच्या आधी त्याच्या वेगाने चाल" हे सतत सांगावं लागतं. दुसरी नजर. पक हलतो, स्टिक हलते, डोकं हुलकावणी देतं, पण छाती खोटं बोलत नाही. जर्सीवरच्या चिन्हाकडे बघायला सांगा.

मग तेच ड्रिल स्टिक उलटी धरून करा, मूठ खाली, ब्लेड वर. पक ओढून घेता येत नाही म्हटल्यावर मुलांना पायांनीच काम करावं लागतं. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरतात. दोन आठवड्यांनी सुलट स्टिक दिली की फरक तुम्हाला दिसेल.

समोरचा पक घेऊन आपल्यावर चालून येत असेल आणि आपण मागे सरकत असू, तर अंतराचा हिशेब वेगळा. रिंकच्या मधल्या लाल रेषेपाशी साधारण दोन स्टिकचं अंतर, आपल्या ब्लू लाइनपाशी, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाच्या हद्दीवर, एका स्टिकचं. याहून जास्त ठेवलं तर त्याला फटक्याला जागा मिळते, कमी ठेवलं तर तो बाजूने निसटतो.

पायरी चौथी: स्टिक

"स्टिक पकवर, अंग माणसावर." हे वाक्य मुलांच्या तोंडी बसू द्या. स्टिक हवेत फिरवणारा मुलगा पेनल्टीही घेतो आणि पासची वाटही मोकळी सोडतो.

स्टिक उचलण्याचा डाव नीट शिकवा. समोरच्याच्या दांड्याच्या खालच्या भागात, ब्लेडच्या जवळ, आपली स्टिक खालून घालायची आणि झटकन वर. त्याच्या हातांपासून जितकं दूर उचलाल तितकी ताकद कमी लागते. शिवाय त्याची स्टिक फूटभरच वर येते, तोंडापर्यंत जात नाही. आणि उचलल्यावर थांबायचं नाही. त्याच क्षणी आपला स्केट त्याच्या आणि पकच्या मधे टाकायचा. नुसती स्टिक उचलून पकच्या मागे हात लांबवणारी मुलं दर वेळी अर्धा डाव खेळतात.

पायरी पाचवी: पकपाशी आपण आधी पोचलो तर

कोपऱ्यातल्या पककडे जाताना मान दोनदा मागे फिरली पाहिजे. एकदा लांब असताना, एकदा पोचायच्या एक पाऊल आधी. कोण येतंय, कुठल्या खांद्याकडून येतंय, आपला माणूस कुठे मोकळा आहे. मी कधी कधी मागे उभा राहून बोटं दाखवतो आणि मुलाने पक उचलायच्या आधी आकडा ओरडायचा. नुसतं "मागे बघ" म्हटलं की मुलं मान हलवतात पण बघत नाहीत. आकडा ओरडायचा असला की बघावंच लागतं.

आता ती मान. बोर्डापासून ३-४ फुटांची पट्टी ही सगळ्यात धोक्याची जागा. तिथे थांबून, पाठ वळवून, पककडे मान घालून उभं राहिलं आणि मागून धक्का बसला तर डोकं आधी बोर्डावर जातं. मान वाकलेली असताना टाळू आदळली की मानेचे मणके एका सरळ रेषेत येतात आणि सगळा भार त्यांच्यावर पडतो. हॉकीतल्या पाठीच्या कण्याच्या गंभीर दुखापती अशा होतात. म्हणून नियम साधा: एक तर बोर्डाला पूर्ण चिकटा, नाही तर त्या पट्टीतून बाहेर राहा. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं. धक्का येतोय असं वाटलं तर हनुवटी वर, आणि पुढचा हात, खांदा, कंबर, मांडी हे सगळं एकदम बोर्डाला टेकवायचं. ऑन्टारियोतल्या कितीतरी मुलांच्या जर्सीवर पाठीमागे छोटं लाल "स्टॉप" चिन्ह असतं. ते मागून येणाऱ्यासाठी आहे. दर सरावाला त्याची आठवण करून द्या. समोरचा पाठ वळवून उभा असेल तर हात आखडायचा, पक गेला तरी.

पक ताब्यात आला की झुंज कंबरेची असते. कंबर पक आणि समोरच्याच्या मधे. पाठ आणि कुल्ला लावून तो कुठे आहे ते चाचपायचं, आणि तो जिकडे जोर लावेल त्याच्या उलट वळायचं. तो जोर लावतोय म्हणजेच त्याचं वजन त्या बाजूला गेलंय. पक त्याच्यापासून लांबच्या बाजूला, गरज पडली तर स्केटने हलवायचा. पायाने पक सरकवायला कित्येक मुलांना सुचतच नाही. स्टिक बाजूला ठेवून नुसत्या स्केटने पक फिरवायचा पाच मिनिटांचा खेळ घ्या.

पायरी सहावी: आपण दुसरे पोचलो तर

बचावपटूचं बहुतेक आयुष्य इथेच जातं. पक त्याच्याकडे आहे, तो बोर्डाकडे तोंड करून आहे. घाई करायची नाही. छाती त्याच्या घराकडच्या कंबरेला लावायची, आपले पाय रुंद, स्टिक खाली, पकच्या दिशेने. दोन्ही हातांनी मिठी मारली तर होल्डिंग, स्टिकचा दांडा आडवा लावून ढकललं तर क्रॉस-चेकिंग, आणि दोन्हीला २ मिनिटं बाहेर. वाट बघायची. तो एका बाजूला वळणारच. वळला की त्याच बाजूला पाय टाकायचा.

आणि थांबायला शिकवा! पक हुकला की मुलं मोठा वळसा घेऊन परत येतात. वळसा घेताना वेग टिकतो म्हणून त्यांना ते बरं वाटतं, पण त्या अर्ध्या वर्तुळात घराची बाजू जाते. पक हुकला की दोन्ही स्केट आडवे घालून थांबायचं, बर्फाचा चुरा उडाला पाहिजे, आणि तिथूनच परत सुटायचं. सरावात कोपऱ्यातला बर्फ बघा. तिथे खरवडलेल्या रेषा आणि चुऱ्याचे ढीग दिसले तर मुलं थांबतायत. गुळगुळीत गोल रेषा दिसल्या तर वळसे घेतायत.

कोपऱ्यात दोन विरुद्ध दोन झालं की कामं वाटून घ्यायची: पहिला माणसावर, दुसरा पकवर, आणि तिसरा घरात. तिसऱ्याने कोपऱ्यात यायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

गोलासमोरचं थोडक्यात. तिथे पक बघत उभं राहू नका, माणूस शोधा. त्याच्या घराकडच्या बाजूला उभं राहून त्याची स्टिक आपल्या स्टिकखाली, आणि फटका यायच्या आधीच. गोलकीपरची नजर मात्र अडवायची नाही.

सराव कसा बसवावा

बर्फाचा तास म्हणजे हातात ५० मिनिटं. मी साधारण ८ मिनिटं पवित्रा आणि धारा, १२ मिनिटं कोन, १२ मिनिटं कोपऱ्यातली एकास एक झुंज, आणि उरलेला वेळ छोट्या जागेतला सामना अशी वाटणी करतो. झुंजीची फेरी ८ ते १० सेकंदांची, आणि विश्रांती निदान त्याच्या चौपट. दमलेली मुलं ताठ होतात, मान खाली घालतात, हातांनी धरतात. म्हणजे नको त्याच सवयींचा सराव होतो. जोड्या वजन बघून लावा, मैत्री बघून नको.

माझं आवडतं ड्रिल आपल्या लहानपणच्या खेळातून आलंय. एकास एक झुंज चालू असताना मी मधेच ओरडतो, "स्टॅच्यू!" दोघं जिथल्या तिथे गोठतात. मग बाकीच्या मुलांना विचारायचं: घराच्या बाजूला कोण आहे? ब्लेड कुणाचं खाली आहे? गुडघे कुणाचे वाकलेत? त्यावर गुण. पक कुणाकडे आहे याला गुण नाही. पहिल्या आठवड्यात पकवाला मुलगा हिरमुसतो. तिसऱ्या आठवड्यात मुलं "स्टॅच्यू" ऐकू यायच्या आधीच स्वतःची जागा सावरायला लागतात.

घरी बघायला एक नाव सुचवतो. कॅरोलायना हरिकेन्सचा जेकब स्लेव्हिन. २०२०-२१ च्या हंगामात ५२ सामन्यांत त्याच्या नावावर पेनल्टीची अवघी २ मिनिटं होती, आणि सभ्य खेळाचा लेडी बिंग करंडक त्याला मिळाला. बचावपटू असून! मुलांबरोबर बघताना पक कोपऱ्यात जाताच चित्र थांबवा, त्याचे पाय कुठल्या दिशेला आहेत ते विचारा, मग पुढे चालवा.

डोक्याला मार लागला तर

इथे शंकेला जागा ठेवू नका. ऑन्टारियोत २०१८ पासून रोवन्स लॉ आहे. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना डोक्याला पाठोपाठ मार बसून गेली, तिच्या नावाचा हा कायदा. मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली तरी मूल त्या दिवशी खेळातून बाहेर, आणि डॉक्टरांनी लेखी मोकळं केल्याशिवाय परत नाही. मूल म्हणेल "मी ठीक आहे". पालक म्हणतील "फायनल आहे हो". तुम्ही बाकाचं दार उघडायचं नाही.

बाकावर काय बोलावं

झुंज हरून मूल बाकावर येतं तेव्हा ते आधीच खट्टू असतं. "जोर कमी पडला" म्हणू नका, त्याला स्वतःचं वजन उद्यापर्यंत वाढवता येणार नाही. मी एकच प्रश्न विचारतो: "त्याने पकला हात लावला तेव्हा तुझे पाय कुठे होते?" मूल क्षणभर विचार करतं, मग ग्लोव्हने बर्फाकडे दाखवत सांगतं, "तिकडे, बाहेरच्या बाजूला." बस. पाण्याची बाटली द्या, आणि पुढच्या शिफ्टला त्यालाच पाठवा.